तपासलेली आवृत्ती: सात

सकाळी साडेनऊला चाळणीनं बटण दाबलं आणि टूल म्हणालं, 'थेंबमोजणी' सापडली नाही.

आता ही 'थेंबमोजणी' तिच्या डोळ्यांसमोर, त्याच फोल्डरमध्ये, नावातारखेसकट ठाण मांडून बसलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. तिनं चष्मा पुसला, पुन्हा बटण दाबलं. टूलचं आपलं तेच पालुपद. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "जोरात दाबून बघ." असले सल्ले द्यायला माणसं कुठून वेळ काढतात कोण जाणे.

चाळणी हे काही तिचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. सलाइनमधून रोग्याच्या अंगात औषधाचे किती थेंब जावेत, हे ठरवणारं यंत्र एक कंपनी बनवायची, आणि ही तिथे कोड तपासायच्या टेबलावर बसायची. बाकीच्यांनी लिहायचं, हिनं चाळायचं, म्हणून चाळणी. तिच्या हाताखालचं टूल प्रोग्राम चालवून बघत नसे. नुसतं वाचायचं आणि कुठे पाय घसरेल, कुठे उघडलेलं बंद करायचं राहिलंय, त्याची यादी छापून द्यायचं. त्या यादीवर तिची सही झाली की ऑफिसात कोणी ब्र काढत नसे.

ह्याच सहीनं दीड वर्षापूर्वी तिच्या सख्ख्या मामाची नोकरी खाल्ली होती.

मामा त्या कंपनीत सव्वीस वर्षं होता. हिला तिथे चिकटवली त्यानंच. ही 'मामा, मामा' करते म्हणून हळूहळू साहेबांपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्याला मामाच म्हणायला लागले. 'थेंबमोजणी', म्हणजे यंत्रातला थेंब मोजणारा कोड, त्याच्या हातची. मग हे टूल आलं, आणि पहिल्याच फटक्यात मामाच्या कोडमध्ये त्यानं दोनशे चौदा दोष दाखवले. मामानं मान खाली घालून दोन महिने काम केलं आणि एक दिवस येऊन म्हणाला, "काढले गं सगळे. बघ."

तिनं बटण दाबलं. दोनशे चौदा.

मामा परत गेला, चार दिवसांनी परत आला. दोनशे चौदा. तिसऱ्यांदा तो कागद हातात घेऊन तिच्या टेबलाशी उभा राहिला, आणि कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "अगं, ही ओळच माझ्या फाइलीत नाही." मागे साहेब उभे, सगळा हॉल कान देऊन बसलेला. भाचीनं मामाची बाजू घेतली असं कोणी म्हणू नये, याची तिला कोण धास्ती. ती म्हणाली, "मामा, मशीन खोटं बोलत नाही."

मामानं वाद घातला नाही. चष्मा काढून डबीत ठेवला आणि बाथरूमला जावं तसा उठून घरी गेला. पुढच्या महिन्यात त्याच्या निवृत्तीचं पत्र निघालं. तेव्हापासून तो बहिणीच्या घरी फिरकला नाही. चाळणीची आई, म्हणजे त्याची थोरली बहीण, लेकीला एका शब्दानं बोलली नाही. फक्त जेवणाच्या टेबलाशी मामा बसायचा ती खुर्ची तिनं भिंतीकडे तोंड करून ठेवली, आणि कोणी सरळ केली की परत फिरवायची. नातं नात्याच्या जागी आणि काम कामाच्या जागी, असं चाळणी स्वतःला रोज सांगायची. रोज सांगावं लागत होतं, यातच काय ते आलं.

तर आता आजचा घोळ.

टूलनं दिलेला निरोप तिनं शेवटी सावकाश वाचला. 'थेंबमोजणी, आवृत्ती आठ, सापडली नाही.' फोल्डरमध्ये होती ती आवृत्ती नऊ. कोड लिहून झाला की त्याचा बंद डबा करतात, त्याला असेम्ब्ली म्हणतात. डब्यावर नाव आणि आवृत्तीचा आकडा असतो. मुख्य प्रोग्रामकडे एक यादी असते, मला अमुक नावाचा, अमुक आकड्याचा डबा लागेल म्हणून. टूल ती यादी वाचतं आणि डबे शोधायला निघतं. यादीत आठ होता. डबा नऊचा. टूल दारात अडून बसलं.

इतकं तिला कळलं. पण मग काल कसं चाललं? परवा कसं चाललं? दीड वर्ष दर महिन्याला, आणि या आठवड्यात तर रोज, ही तपासणी होत होती, आणि दर वेळी निकाल एकच: शून्य दोष. मामाच्या जागी जो आला होता त्यानं तीन आठवड्यांत दोनशे चौदाचे शून्य करून दाखवले होते. तेव्हापासून त्याचं नाव शून्यराव पडलं. टाळ्या काय, हार काय, साहेबांनी पाठ थोपटली ती वेगळीच. आज नऊ नंबरची शेवटची तपासणी, आणि ती झाली की माल बाहेर.

तिनं केबलला बोलावलं. केबल म्हणजे संगणकांची देखभाल करणारा. त्याच्या खांद्यावर नेहमी वायरीचं वेटोळं असे, जेवतानासुद्धा.

"काल काय बदललंस?"

"काही नाही. तुमचं तपासणीचं मशीन बदललं. जुनं फार घरघरत होतं."

"आणि हे 'काही नाही'?"

"अहो, सगळं जसंच्या तसं आणलंय. फक्त जुनं सामायिक कपाट नाही आणलं. त्यात काय, जुने डबे होते नुसते. भंगार."

सामायिक कपाट म्हणजे मशीनमधली एक जागा. बाजारात गेलेल्या प्रत्येक आवृत्तीचा एक डबा तिथे ठेवायची पद्धत होती. का ठेवायची, हे कोणालाच आठवत नव्हतं. चाळणीला काहीतरी खटकलं, पण नेमकं काय ते धरता येईना. तिनं कागदावर सात, आठ, नऊ असं लिहिलं, बाण काढले, बाण खोडले. कागदाची पार रांगोळी झाली.

इतक्यात साहेब आले. साहेबांना कोडमधलं ओ की ठो कळत नसे, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. ते म्हणाले, "त्या टूलमध्ये एक खूण करायची सोय असते ना? आवृत्तीचा फरक मनावर घेऊ नको म्हणून? करा खूण, संपवा. चार वाजता मला निकाल हवाय."

खूण करायची सोय होतीच. तिनं केली, बटण दाबलं. टूलनं आठचा हट्ट सोडला, फोल्डरमधला नऊचा डबा घेतला, वाचला.

सदतीस दोष.

शून्यराव पाणी पीत होता. तो प्यायचा थांबला, पण पेला तोंडाशीच राहिला. साहेबांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग शून्यरावाकडे, मग चाळणीकडे, जणू तिनंच खिशातून काढून सदतीस ठेवले. "नवं मशीन बिघडलेलं दिसतंय," ते म्हणाले.

"मशीन बिघडलं म्हणून दोष कसे वाढतील, साहेब?"

"मग काल शून्य कसे होते?"

याचं उत्तर तिच्याकडे असतं तर ती डोकं धरून बसली असती कशाला? काल शून्य, आज सदतीस, आणि मधल्या रात्रीत कोडला कोणी हात लावलेला नाही. हे भुताटकीच झालं. खूण काढली की टूल आठ मागतं. खूण केली की सदतीस दाखवतं. तिनं सहा वेळा खूण केली आणि सहा वेळा काढली.

दुपारच्या सुट्टीत सगळे जेवायला गेले तेव्हा ती केबलला घेऊन खालच्या सामानाच्या खोलीत गेली. जुनं मशीन एका मोडक्या खुर्चीवर पालथं पडलं होतं. त्यांनी ते सरळ केलं, भिंतीतल्या प्लगला जोडलं. घरघर करत ते उठलं. तिनं कपाट उघडलं. आत बरेच जुने डबे, आणि शेवटी दोन, सात आणि आठ. आठ नंबरच्या डब्याची तारीख पाहून तिनं बोटांवर मागचे महिने मोजले. मामा टेबलाशी तिसऱ्यांदा उभा राहिला होता, त्याच्या आदल्या दिवसाची तारीख.

"हे दोन्ही मला वर आणून दे," ती म्हणाली.

नव्या मशीनवर तिनं एकेक डबा सरळ टूलच्या तोंडी दिला. यादी नाही, कपाट नाही, मध्ये कोणी नाही. सात: दोनशे चौदा दोष. आठ: शून्य.

मग कपाळावर हात मारायचं तेवढं राहिलं होतं, ते केलं.

घोळ असा होता. मागे एकदा अर्धवट डबा चुकून बाहेर गेला होता, तेव्हा साहेबांनी नियम काढला: यादीत नवा आकडा लिहायचा तो शेवटची तपासणी पास झाल्यावरच. वरवर शहाणपणाचा नियम. पण त्यामुळे तपासणीच्या वेळी यादीत कायम आधीचा आकडा. टूल बिचारं यादीबरहुकूम चाले. आधी कपाट उघडायचं, तिथे आधीचा डबा असायचाच, तोच वाचायचं. समोर ठेवलेल्या ताज्या डब्याकडे ते ढुंकून बघत नव्हतं. मामानं आठ घासूनपुसून आणला, टूलनं सात वाचला. मग मुदत टळू नये म्हणून साहेबांनी खास परवानगीनं तो 'सदोष' आठ तसाच बाजारात पाठवला, यादीत आठ लिहिला गेला, आणि शून्यरावानं नऊ आणला तेव्हा टूलनं आठ वाचला. मामाचा. दीड वर्ष दर महिन्याला मामाचाच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे तर चोरही कोणी नव्हता.

मशीन खोटं बोललं नव्हतंच. विचारलं त्याचं उत्तर त्यानं दिलं होतं. काय विचारलं गेलं, हे मात्र कोणी पाहिलं नव्हतं. म्हणजे तिनं पाहिलं नव्हतं.

तिनं खणातून तो जुना अहवाल काढला. दोनशे चौदा दोष, एकोणीस पानं, पहिल्या पानावर तिची झोकदार सही. शेवटचं पान तिनं आयुष्यात उलटलं नव्हतं, कारण शेवटच्या पानावर नुसती तांत्रिक वटवट असते. तिथे मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं: तपासलेली आवृत्ती: सात. दीड वर्ष हा कागद तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर पडून होता. तिला रडू आलं, आणि ती हॉलमध्येच रडली. रडणाऱ्या माणसाकडे बघू नये एवढी रीत सगळ्यांना होती, म्हणून सगळे पडद्यांमध्ये तोंडं घालून बसले.

शून्यराव मात्र खुर्ची ओढून जवळ आला. त्याला तिनं सगळं सांगितलं. ऐकून तो म्हणाला, "मला ती दोषांची यादी दिली होती ना तुम्ही, त्यातल्या ओळी मला सापडतच नव्हत्या. मला वाटलं, मीच वेंधळा. म्हणून इकडेतिकडे थोडं हलवलं, चार गोष्टी नवीन घातल्या. मग तपासणीत शून्य आलं. शून्य आल्यावर कोण विचारतं हो, कसं आलं?"

"मग बोलला का नाहीस?"

"हार घातला होता गळ्यात," तो म्हणाला. "हार घातलेला माणूस काय बोलणार?"

त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. सदतीसमधला एक दोष दोघांनी मिळून वाचला. वीज जाऊन परत आली की आधी गेलेल्या थेंबांचा हिशेब पुसला जात होता आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होत होती. म्हणजे रोग्याला औषध दुप्पट. शून्यराव पांढराफटक पडला आणि आपल्या टेबलाशी जाऊन कामाला लागला.

चार वाजता ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांना हे पचायला जड गेलं. ते आधी म्हणाले, "माल आठवडाभर थांबवू." मग म्हणाले, "नियम बदलू, आधी आकडा लिहू, मग तपासू." दोन्ही ठीकच होतं. मग तिनं मामाचं नाव काढलं, तेव्हा त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"त्यांना कोणी काढलं नव्हतं. ते स्वतःहून गेले."

"स्वतःहून गेले, कारण मी त्यांना चारचौघांत खोटं पाडलं. आणि तुम्ही मागे उभे होतात."

"आता काय करायचं त्याचं? झालं गेलं गंगेला मिळालं."

"गंगेला नाही मिळालं, साहेब. माझ्या खणात मिळालं." तिनं नवा अहवाल पुढे ठेवला. थेंबमोजणी, आवृत्ती आठ, दोष शून्य. लिहिणाऱ्याच्या रकान्यात मामाचं पूर्ण नाव. "माझी सही केली आहे. तुमचीही लागेल. आणि शेवटच्या पानावर करा."

साहेबांनी सही केली. वाईट माणूस नव्हता, आळशी होता.

मामा दोन बस बदलून जायच्या अंतरावर, तिसऱ्या मजल्यावर एकटा राहायचा. ती पोचली तेव्हा ऊन अजून जिन्यात होतं. मामानं दार उघडलं. वाळला होता. "तू?" म्हणाला, आणि बाजूला झाला. ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.

आत शिरल्या शिरल्या तिला त्या चिठ्ठ्या दिसल्या. दाराच्या मागच्या बाजूला, शेगडीच्या वर, आरशाच्या कडेला, सगळीकडे मामाच्या टपोऱ्या अक्षरात. 'गॅस बंद केला, सकाळी नऊ.' 'गोळी घेतली.' 'नळ पाहिला. पुन्हा पाहिला.' 'दार लावलं, पावणेचार.' तिला वाटलं, मामाला काही आजार बिजार झाला की काय.

"हे काय रे, मामा?"

"असू दे," तो म्हणाला. "वय झालं. भरवसा राहिला नाही."

"कशाचा?"

मामा खुर्चीत बसला आणि गुडघ्यावरची नसलेली धूळ झटकली. "माझाच. तुला राग येईल, पण सांगतो. तो कोड मी दुरुस्त केला होता, असं मला अजून वाटतं. रात्रंदिवस वाटतं. एकेक ओळ आठवते. आणि केला तर नव्हता, तू स्वतः तपासलंस, तीनदा. मग म्हटलं, न केलेलं काम केल्यासारखं इतकं स्वच्छ आठवतंय, तर आपलं डोकं फिरायला लागलंय. गॅस बंद केला असं वाटेल आणि केलेला नसेल. म्हणून लिहून ठेवतो. ताईकडे आलो नाही ते त्यामुळे. तिच्या घरी काहीतरी चालू ठेवून यायचो."

म्हणजे तो रुसला नव्हता. दीड वर्ष मायलेकी समजत होत्या की मामा रुसून बसलाय, आणि हा इथे एकटा स्वतःवर पाळत ठेवून बसला होता. तिनं पिशवीतून दोन्ही अहवाल काढून त्याच्या मांडीवर ठेवले, आणि मग एका दमात सगळं सांगितलं. कपाट, यादी, सात, आठ, नऊ, हार, सदतीस. सांगताना ती दोनदा घोटाळली, आणि दोन्ही वेळा मामानंच, "म्हणजे यादीत सात होता तेव्हा," असं म्हणून वाट दाखवली. त्याला तिच्या आधी कळत होतं.

तिचं संपल्यावर त्यानं चष्मा लावला. जुन्या अहवालाचं शेवटचं पान उलटून वाचलं. नव्याचं वाचलं. साहेबांच्या सहीवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे मी काढले होते."

"सगळे. एकही राहिला नव्हता. माझं चुकलं, मामा. मी शेवटचं पान पाहिलं नाही, आणि तुझं ऐकलंही नाही."

"मी खुळा झालो नव्हतो."

"नाही रे."

मामा रागावला असता तर तिला सोसलं असतं. तो उठला, मोरीत जाऊन तोंड धुऊन आला, टॉवेलनं पुसत म्हणाला, "ताई घरी आहे का?"

"आहे."

"चल."

त्यानं सदरा बदलला, चपला घातल्या. गॅसकडे एकदा पाहिलं आणि चिठ्ठी न लिहिता बाहेर आला. दार ओढलं, किल्ली फिरवली, किल्ली खिशात टाकली. तिच्या डोळ्यांदेखत. दोघं तीन मजले उतरून खाली आली, फाटकापर्यंत गेली, आणि मामा थबकला.

"दार लावलं ना गं मी?"

"लावलंस. मी पाहिलं ना."

"तू पाहिलंस," मामा म्हणाला. "कोणत्या मजल्यावरचं?"

तिला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि हसावं की रडावं हे ठरवायच्या आत ती वळली आणि जिना चढू लागली. तीन मजले. धापा टाकत तिनं दारावरचा नंबर वाचला, कडी ओढून पाहिली, ढकलून पाहिली, पुन्हा एकदा नंबर वाचला. मग तीन मजले खाली.

मामा फाटकाला टेकून उभा होता.

"लावलेलं आहे, मामा."

"माहीत होतं मला," मामा म्हणाला, आणि बसच्या थांब्याकडे चालायला लागला.